घरच्या खोलीत एअर रायफलचं टेबल आणि सरावाची जागा करायची आहे, नागपूरकरांनो सांगा

मनीषनगरची_आई

नमस्कार. मुलगी आठवीत आहे, १० मीटर एअर रायफल करते. आतापर्यंत क्लबची रायफल वापरत होती, आता तिची स्वतःची आली आहे. हवेच्या सिलिंडरवर चालणारी, २०० बार दाबाची. रोज रेंजवर सोडणं-आणणं जमत नाही, म्हणून घरातली मागची खोली तिला द्यायचं ठरलं. खोली साधारण ११ बाय १०, एक खिडकी, भिंतीला कूलर. खोलीच्या दारातून हॉलच्या पुढच्या भिंतीपर्यंत सरळ ७ मीटर मिळतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. रायफल पुसणं, पेलेट (छर्रे) निवडणं, सिलिंडर भरणं यासाठी एक टेबल. सरावासाठी जागा. आणि धाकटा मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला यातल्या कशाचाही त्रास होऊ नये. परदेशी व्हिडिओ बरेच पाहिले, पण ते सगळे मोठ्या गॅरेजमधले. आपल्या घरात, आपल्या उन्हाळ्यात हे कसं करायचं ते कोणी केलेलं असेल तर नीट लिहा. पैसे थोडे मागेपुढे झाले तरी चालतील, चुकीची सवय नको.

रेंजवाले_सर

ताई, सगळ्यात आधी एक ठरवून टाका. घरात गोळी न भरता सराव, गोळी भरून सराव रेंजवर. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलला ड्राय फायरची सोय असते. खटका दाबला की ट्रिगर खऱ्यासारखाच सुटतो, हवा सुटत नाही. उभं राहणं, श्वास, नेम, ट्रिगर आणि सुटल्यानंतरही तसंच थांबून राहणं, हे सगळं याच्यावर बसतं. स्प्रिंगची साधी छर्ऱ्याची बंदूक असेल तर तिच्यावर मात्र रिकामा ट्रिगर कधी मारू नका, आतलं सील आणि पिस्टन खराब होतो.

आता तुमचे ७ मीटर. कमी अंतरावर पूर्ण मापाचं टार्गेट लावलं तर काळा गोल मोठा दिसतो आणि मुलीचा डोळा खोटी सवय लावून घेतो. खऱ्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी असतो. ७ मीटरला तो ०.७ पट, म्हणजे २१.३५ मिमी हवा. कागदावर प्रिंट काढताना प्रिंटर आपल्या मनाने 'पानात बसवतो', तो पर्याय बंद करा आणि छापल्यावर पट्टीने मोजा.

उंचीकडे बहुतेक लोक पाहतच नाहीत. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. समजा उभं राहून तिची नळी १.५० मीटरवर येते. म्हणजे १० मीटरमध्ये नेमाची रेघ १० सेंटिमीटर खाली उतरते. ७ मीटरला ती ७ सेंटिमीटर उतरेल, म्हणून घरचा कागद १.४३ वर लावायचा. १.४० वर लावला तर तिला किंचित जास्त वाकावं लागेल, आणि रोज वाकून केलेला सराव रेंजवर दिसतो. तिची उंची वाढतेय, तेव्हा दर काही महिन्यांनी हे माप परत घ्या.

सक्करदरा_वर्कशॉप

टेबलाचं मी सांगतो, फॅब्रिकेशनचंच काम आहे आपलं.

एमएस (लोखंडी) चौकोनी पाइपची फ्रेम, वर १८ मिमी प्लाय, त्यावर पांढरा सनमायका. पांढराच घ्या. पेलेट आणि ओ-रिंग (जोडातली रबरी कडी) पांढऱ्यावर दिसतात, लाकडी रंगाच्या डिझाइनवर हरवतात. तिन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाची पट्टी उभी मारा, म्हणजे काही घरंगळून खाली जात नाही. खाली पडलेला छर्रा ही तुमच्या धाकट्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गोष्ट. उभ्याने काम करायचं असेल तर उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास, तिच्या कोपराच्या थोडं खाली. पायांना रबरी बूट लावा आणि मागून दोन अँकर बोल्टनी फ्रेम भिंतीला धरा. टेबल हललं की त्यावर बारीक काम होत नाही.

रायफल ठेवायला टेबलावर दोन लाकडी घोड्या करून घ्या, इंग्रजी व्ही सारख्या खाचेच्या, आतून जाड फेल्ट चिकटवलेल्या. नळीला वाइसमध्ये आवळायचं नाही, फेल्ट असलं तरी नाही. दिवा वरून एक आणि डाव्या बाजूने एक. एकाच दिव्यात काम केलं तर आपल्याच हाताची सावली पेलेटवर पडते.

पेलेट ट्रॅप, म्हणजे मारलेला पेलेट अडवणारी पेटी, पाहिजे असेल तर तोही करून देता येतो. ३ मिमीची पत्र्याची प्लेट ४५ अंशात खाली झुकलेली, पुढे मऊ पुट्टीचा थर, खाली गोळा करायचा ट्रे. घरीच मारता येईल.

रेंजवाले_सर

टेबल उत्तम. ट्रॅपवर माझं मत वेगळं आहे. घरात चार वर्षांचं मूल, आणि नेमाची रेघ हॉलमधून जाते. मध्ये स्वयंपाकघराचं दार असणार, कोणीतरी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर येणारच. रेंजवर फायरिंग लाइनच्या पुढे कोणी जात नाही, कारण तिथे हुकूम देणारा माणूस असतो. घरात तो नसतो.

सक्करदरा_वर्कशॉप

सर, मान्य, पण सगळ्यांची घरं अशी नसतात. माझ्या ओळखीच्या एकाने गच्चीवरच्या बंद खोलीत १० मीटर काढलेत, एकच दार, ते शूटरच्या मागे, आतून कडी. तिथे काय हरकत?

रेंजवाले_सर

तशी खोली असेल, मागची भिंत विटांची असेल, दार शूटरच्या मागेच असेल आणि मोठं माणूस हजर असेल तर माझी हरकत नाही. ताईंच्या हॉलला आहे.

डॉक्टर_धरमपेठ

मी बालरोगतज्ज्ञ. ट्रॅपचा वाद चालू आहे, त्यात शिशाचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

पेलेट शिशाचे असतात. शिसं पोटात गेलं की मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शोषून घेतं, आणि लोह किंवा कॅल्शियम कमी असलेल्या मुलात आणखी जास्त. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीत नाही. त्यांच्या २०२१ च्या मार्गदर्शनात रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त सापडलं तर स्रोत शोधून तो बंद करायला सांगितलं आहे.

म्हणून काय करायचं. पेलेटला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याआधी तोंडाला, मोबाइलला, भावाला हात लावायचा नाही. त्या टेबलावर चहा, बिस्किटं, पाण्याची बाटली, काही नाही. सरावाचा टी-शर्ट वेगळा आणि धुताना वेगळा. खोलीतल्या चपला खोलीतच. आणि केरसुणी त्या खोलीत न्यायची नाही. केरसुणीने धूळ उडते आणि हवेत राहते, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं घरातल्या इतर फडक्यांत मिसळायचं नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, त्यांच्याही घरी लहान मुलं असतात.

कूलर. खोलीत ट्रॅप असेल आणि समोरून कूलरचा झोत असेल तर पत्र्यावर आपटून झालेली बारीक शिशाची धूळ थेट घरात पसरेल. नागपुरात एप्रिल ते जून कूलर बंद ठेवणं शक्य नाही हे मला माहीत आहे. त्यामुळे सरांचंच मत मला पटतं. घरात गोळी मारू नका.

मुलगी रेंजवर नियमित जाते, तेव्हा वर्षातून एकदा दोन्ही मुलांची ब्लड लेड तपासणी करून घ्या. साधी रक्ततपासणी आहे.

मनीषनगरची_आई

डॉक्टर, फार उपयोग झाला. केरसुणीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॅप रद्द. घरात फक्त ड्राय.

वऱ्हाडी_नेमबाज

ताई, तुमच्या धाग्यात मधीच घुसतो, माफ करा. विषय टेबलाचाच आहे म्हणून. आजोबांची १२ बोअरची बंदूक आमच्याकडे आहे, लायसन्स वडिलांच्या नावावर, सगळं रीतसर. काडतुसं महाग झाली आणि वेळेवर भेटतही नाही. अमेरिकेतले लोक घरीच टेबल मांडून रिकामी काडतुसं परत भरतात, त्याले रिलोडिंग म्हणतात. प्रेस, डाय, वजनकाटा, सगळं सामान व्हिडिओत दाखवतात. असं टेबल आपल्याकडे करता येईल का? लायसन्स तं आहेच.

भद्रावतीचे_काका

नाही, दादा. करू नका, आणि सामानही मागवू नका. नोकरी दारूगोळ्यात गेली माझी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांचं लायसन्स हे बंदूक बाळगण्याचं आणि ठरलेल्या संख्येत काडतुसं विकत घेण्याचं आहे. काडतूस बनवण्याचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये शस्त्रं किंवा दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. रिकाम्या नळकांड्यात नवीन टोपी (दारू पेटवणारा भाग), दारू आणि छर्रे भरले की काडतूस तयार झालं, मग ते पहिल्यांदा केलं काय आणि दुसऱ्यांदा केलं काय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या वाचा. तिच्यात दारूगोळ्याचे सुटे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तुम्ही व्हिडिओत पाहिलेला प्रेस नुसता टेबलावर आणून ठेवला तरी कायद्याच्या नजरेत तो साधं अवजार राहत नाही. वरून दारूसाठी १८८४ चा स्फोटक कायदा वेगळा. तो ज्यांच्या हातात आहे त्या पेसोचं, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

कायदा बाजूला ठेवा, कामाचं बोलतो. फॅक्टरीत ज्या शेडमध्ये दारू हाताळली जाते तिच्या दारावर दोन आकडे रंगवलेले असतात. आत एका वेळी माणसं किती आणि माल किती. तिसरा माणूस दारात उभा राहिला आणि मर्यादा दोनची असली तर आतला एक बाहेर येईपर्यंत तो आत जात नाही, मग तो साहेब का असेना. बूट वेगळे, अंगावरची वीज जमिनीत उतरवणारे. आत जाण्याआधी धातूच्या पट्टीला हात लावायचा. अवजारं ठिणगी न पडणारी. शेडा एकमेकींपासून अंतर ठेवून, मध्ये मातीचे बांध. इतकं सगळं करूनही अपघात होतात. पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री आग लागून काय झालं ते विदर्भात कोणाला सांगायला नको.

ही शिस्त घरातल्या खोलीत येत नाही. अमेरिकेत कायद्याने चालतं, तिथले लोक स्वस्तात पडतं म्हणून किंवा आपल्या रायफलला जुळणारं काडतूस हवं म्हणून करतात. तो त्यांचा कायदा. आपल्याकडे लायसन्सवर जेवढी काडतुसं मिळतात तेवढी परवानाधारक दुकानातून घ्यायची.

आणि आजोबांच्या वेळची जुनी काडतुसं कपाटात असतील, पितळेला हिरवट चढलेली, कागद फुगलेली, तर ती उघडून पाहू नका, मारूनही पाहू नका, कचऱ्यात तर मुळीच नको. लायसन्स घेऊन दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात विचारा आणि रीतसर जमा करा.

वऱ्हाडी_नेमबाज

काका, प्रेसचं मला खरंच माहीत नव्हतं. ऑर्डर करणारच होतो. थांबवलं. जुन्या काडतुसांचा डबा आहे घरी, बाबांना घेऊन ठाण्यात जातो.

रेंजवाले_सर

काकांचं सगळ्यांनी वाचा. त्यात एक भर. ५० मीटरला जी .२२ बोअरची रायफल वापरतात, ज्या प्रकारात कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ती रिमफायर असते. तिचं स्फोटक काडतुसाच्या तळाच्या कडेत भरलेलं असतं, वेगळी टोपी नसते. त्यामुळे तिची काडतुसं सहसा परत भरली जात नाहीत. तिथेही खेळाडू हेच करतात: निरनिराळ्या लॉटची (एकत्र बनलेल्या खेपेची) काडतुसं आपल्या नळीत मारून पाहतात आणि जुळलेला लॉट साठवतात. म्हणजे काडतूस बनवणं खेळाडूचं काम नाही, निवडणं आहे. एअर रायफलमध्येही तेच.

आणि ताई, कायद्याचं निघालंच आहे तर तुमच्या बाजूचं सांगून ठेवतो. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूल ताकदीपर्यंतची एअर रायफल परवान्यातून सूट मिळालेल्या गटात येते. मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलची, तेव्हा ती खूपच आत आहे. तरी खरेदीची पावती, क्लबचं कार्ड आणि ओळखपत्र यांच्या प्रती रायफलच्या केसमध्येच (पेटीतच) ठेवा. नेताना बंद केस, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी). बाजारात .२२ बोअरची एअरगन 'तीच आहे, थोडी जास्त ताकदीची' म्हणून सांगतात. ती सूट मिळालेल्या गटात नाही.

मनीषनगरची_आई

कागद केसमध्ये ठेवते आजच. आता पेलेटचं सांगा. तिच्या बरोबरच्या एका मुलाचे वडील प्रत्येक पेलेट वजन करून वेगळे डबे करतात. तसं टेबल करायचं का?

इतवारी_तराजू

वजनकाट्याचा धंदा आहे म्हणून बोलतो. मॅच पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम. साधा छोटा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे तुमचे सगळे पेलेट ०.५३ नाहीतर ०.५४ दिसतील, फरक कळणार नाही. मिलिग्रॅमचा काटा लागतो, ०.००१ वाला, काचेच्या झाकणाचा. पंखा चालू असला तरी आकडा हलतो, कूलरसमोर तर स्थिर होतच नाही. घ्यायच्या आधी टेबल किती घट्ट आहे ते पाहा, कारण हलत्या टेबलावरचा महागडा काटा आणि साधा काटा सारखेच.

रेंजवाले_सर

माझा सल्ला, काटा सध्या घेऊ नका. चांगल्या कंपनीच्या मॅच पेलेटमध्ये वजनाचा फरक फार थोडा असतो, आणि आठवीतल्या मुलीचे गुण तिच्या उभं राहण्यातून वाढणार आहेत. डोळ्याने निवडायचं. पेलेटची मागची कड, जिला स्कर्ट म्हणतात, ती पातळ असते आणि प्रवासात दबते. दबलेली, चिरलेली, आत शिशाचा कण चिकटलेली बाजूला काढायची. एक काचेची पट्टी घ्या, किंचित तिरपी धरा, वर पेलेट ठेवा. पेलेट वळत वळत खाली येतो. सगळ्यांची वळणं जवळपास सारखी पाहिजेत. एखादा अडखळला किंवा वेगळ्याच बाजूला गेला की त्याची कड वाकडी आहे. मुलीला हे स्वतः करू द्या. पेलेट हातात घेऊन बघायची सवय लागली की रेंजवर ती वाकडा पेलेट नळीत घालत नाही.

खरा फरक डोक्याच्या मापाने पडतो. ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापं डब्यावर छापलेली असतात. कोणत्या नळीला कोणतं माप आवडेल हे कोणी सांगू शकत नाही, रायफल शिकंज्यात, म्हणजे ती हलू नये म्हणून धरणाऱ्या रेंजवरच्या स्टँडमध्ये, धरून मारूनच पाहावं लागतं. एवढं कशासाठी? टार्गेटवरचा १० गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा आहे. पेलेट ४.५ चा, त्याची कड ठिपक्याला शिवली तरी १० मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे, त्यात मुलीची थरथर आली, ट्रिगर आला, श्वास आला. पेलेटनेच एक-दीड मिलिमीटर खाल्ला तर तिला उरलं काय?

मनीषनगरची_आई

हे अडीच मिलिमीटरचं आकड्यात पहिल्यांदा कळलं. तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली "मला माहितीय गं." :) आता सिलिंडर. क्लबवर भरून आणते, पण घरी हातपंप ठेवावा का? आणि उन्हाळ्यात ठेवायचा कुठे?

सक्करदरा_वर्कशॉप

यावर गंमत नाही हं. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट.

तेलाचा थेंब कुठेही नको. व्हॉल्व्हला, नोजलला, पंपाच्या तोंडाला मशीन ऑइल लावायची आपली सवय असते, इथे ती जीवघेणी. दाबाखालच्या हवेत तेल पेटू शकतं. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चमक येईल एवढंच. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कधीच, कधीच नाही. भरताना हळू भरा. घाईने भरलं तर सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर दाब खाली येतो. होज काढायच्या आधी ब्लीड स्क्रू उघडून मधली हवा सोडायची, मग जोड काढायचा.

ऊन. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ गेलं होतं, ते सावलीतलं. उन्हात बंद कारमध्ये ६० सहज होतं. २७ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ६० ला साधारण २२२ बार होतो. शाळेसमोर अर्धा तास गाडी उभी ठेवून रायफल डिकीत, हे करू नका. सिलिंडर रायफलसोबत खाली उतरवा.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या मॅच रायफलच्या सिलिंडरला १० वर्षं देतात, त्यानंतर तो वापरायचा नाही, स्पर्धेतही तारीख तपासतात. जुनी रायफल घेतली असेल तर आधी तीच तारीख पाहा. घासून काढलेली दिसली तर सिलिंडर परत करा.

रेंजवाले_सर

हातपंप मी नको म्हणेन, निदान पावसाळ्यात तरी. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. पंपाला ओलावा धरणारा फिल्टर असतो, पण जुलैत तो लवकर भरतो आणि कोणी बदलत नाही. क्लबवर भरा, आणि एक जादा सिलिंडर घ्या. सिलिंडर पूर्ण रिकामा ठेवायचा नाही, थोडा दाब आत राहू द्यायचा म्हणजे बाहेरची ओल आत जात नाही. किमान किती, ते तुमच्या रायफलच्या पुस्तिकेत असेल.

मनीषनगरची_आई

आणि कूलर? खोलीला एसी नाही, बसवायचा विचारही नाही. कूलरमुळे गंज येतो असं दुकानदार म्हणाला.

भद्रावतीचे_काका

खरं सांगितलं त्याने. वाळ्याच्या कूलरसमोर गोदरेजचं कपाट दोन उन्हाळ्यांत बिजागऱ्यांना तांबूस होतं, तिथे नळीचं पोलाद काय टिकणार. रायफल कूलरच्या खोलीत ठेवूच नका. सराव झाला, कोरड्या मऊ कापडाने पुसली, घामाचे हात जिथे लागले तिथे बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवला, आणि दुसऱ्या कोरड्या खोलीतल्या कुलपाच्या कपाटात. सिलिंडरकडची बाजू तेलापासून लांब, वर सांगितलंच आहे. केसच्या फोममध्ये कायमची ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो. कपाटात सिलिका जेलची पाकिटं टाका, दाणे निळे असतात तोवर ठीक, गुलाबी झाले की गरम करून परत वापरता येतात. पेलेटचे डबेही तिथेच. ओल लागली की शिशावर पांढरी भुकटी धरते, असा डबा मारायलाही नको आणि हाताळायलाही नको.

कपाटाची किल्ली एक तुमच्याकडे, एक तिच्या वडिलांकडे. मुलीकडे नाही, ती कितीही जबाबदार असली तरी.

डॉक्टर_धरमपेठ

किल्लीचं अगदी बरोबर. पांढऱ्या भुकटीच्या डब्याचं आणखी एक, तो भंगारवाल्याला देऊ नका. तो वितळवतो, आणि तो धूर त्याच्या मुलांच्या नाकात जातो. क्लबकडे परत करा, रेंजवर शिसं गोळा होतंच, तिथून एकत्र जातं.

मनीषनगरची_आई

ठरलेलं लिहिते, चुकत असेल तर सांगा. मागच्या खोलीत पांढरं टेबल, भिंतीला धरलेलं, दोन दिवे, फेल्टच्या घोड्या, काचेची पट्टी, ओल्या फडक्यांचा झाकणाचा डबा. काटा नाही, पंप नाही, ट्रॅप नाही. हॉलच्या भिंतीवर २१.३५ मिमीचा कागद १.४३ वर, सरावाच्या वेळी सिलिंडर... हा प्रश्न राहिला. ड्राय करताना सिलिंडर लावलेला असू द्यायचा की काढून?

रेंजवाले_सर

लावलेला असू द्या, नाहीतर रायफलचा तोल बदलतो आणि ती वेगळ्याच वजनाची सवय करेल. मात्र पेलेटचा डबा त्या वेळी कपाटात, कुलपात. ज्या खोलीत ड्राय चालू आहे तिथे एकही पेलेट नको. सुरुवातीला बोल्ट उघडून, नळीतून सेफ्टी फ्लॅग आरपार घालून तुम्हाला दाखवायचं, मग तो काढून सुरू. हे रोज, तुम्ही घाईत असलात तरी.

कागदावर उजेड चांगला पाडा. स्पर्धेत टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेडाचं माप) असतो. घरी तेवढा नाही झाला तरी एक एलईडी स्पॉट कागदावरच सोडा आणि हॉलचा बाकी उजेडही चालू ठेवा, अंधारात एकटा कागद चमकता कामा नये, डोळा थकतो. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं अॅप असतं, अंदाजाला पुरतं.

सक्करदरा_वर्कशॉप

टेबलाची फ्रेम मी या आठवड्यात करून देतो ताई, माप पाठवा. तिच्या कोपराची उंची चप्पल घालून घ्या, त्या खोलीत ती चपलेवरच उभी राहणार आहे.

मनीषनगरची_आई

माप उद्या पाठवते. सर, पेलेटचं माप ठरवायला शिकंजा तुमच्या रेंजवर आहे का?

रेंजवाले_सर

आहे. रविवारी सकाळी लवकर या, उन्हाच्या आधी. ४.४९ आणि ४.५० चे नवीन, न उघडलेले डबे आणा, प्रत्येकाचे १० मारून पाहू. डब्याच्या मागचा लॉट नंबर लिहून ठेवा, जुळला तर त्याच लॉटचे आणखी मागवायचे आहेत.